सीमेपलीकडची परिचारिका आणि सीमेवर अडलेली तिची मुले

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी नागपूर आणि जबलपूर या दोन शहरांमधून राज्याची सीमा गेली. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे ही शहरे एकाच कारभाराखाली होती. १८६१ मध्ये इंग्रजांनी सागर-नर्मदा प्रदेश आणि नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांत निर्माण केला व नागपूर ही त्याची राजधानी झाली. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्याकडे आले, महाकोशल नव्या मध्य प्रदेशात राहिला, राजधानी भोपाळला झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सरकारी नोकरांची या राज्यातून त्या राज्यात वाटणी झाली. त्या वेळी राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने एक हमी दिली होती. ज्यांना नव्या राज्यात जावे लागेल, त्यांच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येणार नाहीत, ही ती हमी. कारकुनापासून परिचारिकेपर्यंत राज्याच्या सर्व सेवकांना ती लागू होती.

त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम राज्यघटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. म्हणजे सीमा जेव्हा माणसांच्या डोक्यावरून सरकली, तेव्हा त्या माणसांच्या पगाराचा आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचा विचार राज्यकर्त्यांना करावा लागला. भाषिक राज्यांसाठी झगडलेल्या जनतेचे ते यश होते.

आज प्रश्न उलटा आहे. सीमा जागच्या जागी आहे आणि माणसे ती ओलांडून जात आहेत. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या, एके काळी अरुंद रुळांच्या आणि आता ब्रॉडगेज झालेल्या रेल्वेने किंवा नागपूरहून सिवनीमार्गे जाणाऱ्या बसने एखादी परिचारिका दोन मुलांना घेऊन जबलपूरला नोकरीसाठी जाते, तेव्हा तिच्या सेवाशर्ती कोण राखतो? तिच्या मुलांच्या शाळेची जबाबदारी कोण घेतो? उत्तर स्पष्ट आहे : कोणीही नाही. परिचारिकेचे श्रम साऱ्या देशाचे, तिची मुले मात्र एकाच राज्याची, असा आपल्या व्यवस्थेचा अलिखित नियम झाला आहे. या नियमाविरुद्ध कामगार चळवळीने आता आवाज उठवला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एकाच शहरातील दोन परिचारिका

जबलपूर हे रुग्णालयांचे शहर आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेले तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि वाहन कारखाना यांमुळे संरक्षण उत्पादनाच्या कामगारांची मोठी वस्ती येथे आहे. १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. लष्कराची छावणी आहे. या प्रत्येकाची स्वतःची वैद्यकीय व्यवस्था आहे. त्याखेरीज शहरभर खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होम आहेत. या सर्व ठिकाणी रुग्ण जिला 'सिस्टर' म्हणून हाक मारतो, ती स्त्री अनेकदा दुसऱ्या राज्यातून आलेली असते. ती केरळची असते, छत्तीसगडची असते, तशी विदर्भातलीही असते.

परंतु या 'सिस्टर'चे दोन वर्ग आहेत, आणि तिच्या मुलांचेही.

रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतून रेल्वे रुग्णालयात लागलेली परिचारिका घ्या. केंद्र सरकारची नोकर म्हणून तिच्या मुलांना केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात अग्रक्रम आहे. बदलीच्या नोकरीतील माणसांच्या मुलांचे शिक्षण तुटू नये, या स्पष्ट हेतूनेच १९६३ पासून या शाळांची योजना सुरू झाली. देशभर एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा मंडळ, एका गावची शाळा सोडून दुसऱ्या गावच्या शाळेत जाण्याची सोय. जबलपुरात अशी अनेक विद्यालये आहेत. या परिचारिकेला दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये ठरवला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. मुले १८ वर्षांची होईपर्यंत तिला एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. हे सारे कोणी दान म्हणून दिलेले नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी दशकानुदशके लढून ते मिळवले आहे, आणि ते योग्यच आहे.

आता त्याच शहरातील ४० खाटांच्या खासगी रुग्णालयात काम करणारी दुसरी परिचारिका घ्या. शिक्षण तेच, पाळ्या त्याच, सलाईनची बाटली तीच, मध्यरात्री रुग्णाचा श्वास अडला तर धावण्याची घाईही तीच. तिला केंद्रीय विद्यालयात अग्रक्रम नाही, शिक्षण भत्ता नाही, बालसंगोपनाची रजा नाही. राज्य बदलून आल्यावर मुलाला शाळेत घालण्यासाठी एक दिवस सुट्टी घेतली, तर त्या दिवसाचा पगार कापला जातो.

तिच्या पगाराची गोष्ट तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. आरोग्य सेवा महासंचालक डॉ. जगदीश प्रसाद यांच्या त्या समितीने म्हटले की, २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे. १०० हून अधिक खाटा असल्यास ते फार तर १० टक्के कमी असावे. ५० ते १०० खाटा असल्यास फार तर २५ टक्के कमी. आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे. केरळमधील परिचारिकांनी संपाची तयारी ठेवली, रस्त्यावर आल्या, आणि २०१८ मध्ये त्या राज्याला किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. जेथे असा दबाव उभा राहिला नाही, तेथे समितीचा अहवाल शिफारस म्हणून फायलीत राहिला.

नावाची नोंद आणि तिची किंमत

राज्य बदलणाऱ्या परिचारिकेपुढे पहिली भिंत उभी राहते ती तिच्या स्वतःच्या नोंदणीची. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. पण परिचारिकेचे नाव नोंदले जाते ते राज्याच्या परिषदेत. महाराष्ट्रात शिकलेल्या मुलीची नोंद मुंबईच्या परिषदेत असते. जबलपूरला काम करायचे तर ती भोपाळच्या परिषदेत करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र, पदविकेच्या प्रती, पडताळणी आणि दोन्हीकडचे शुल्क. हा कागद एका राजधानीहून दुसऱ्या राजधानीला पोहोचेपर्यंत ती परिचारिका असून नसल्यासारखी असते. रुग्णालय तिला कामावर घेते, पण 'नोंदणी यायची आहे' या सबबीवर हाती देते ते शिकाऊ मुलीचे वेतन. कागदाच्या दिरंगाईचा नफा मालकाच्या खिशात जातो.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला आणि त्यात साऱ्या देशासाठी एका राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. परिचारिकेचे कौशल्य राज्याच्या सीमा ओलांडून सहज नेता यावे, याची सोय सरकार करीत आहे, कारण ते कौशल्य बाजाराला हवे आहे. तिच्या मुलांचे हक्क तितक्याच सहजपणे सीमा ओलांडू शकतील, अशी नोंदवही कोणी मांडलेली नाही, कारण बाजाराला मुले नको आहेत.

शाळेच्या दारात

आता मुलांकडे वळू. समजा, परिचारिकेचा मुलगा चौथीत आणि मुलगी आठवीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात एक चांगली गोष्ट लिहिलेली आहे : मुलाला दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या राज्यातील शाळेतही, जाण्याचा हक्क आहे, आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये. हे कलम प्रत्येक स्थलांतरित आईबापाने पाठ करून ठेवावे असे आहे. परंतु ते सरकारी आणि अनुदानित शाळांच्या दाराशी थांबते. खासगी विनाअनुदानित शाळांतील दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात, म्हणजे पहिलीत किंवा बालवर्गात मिळतात. जो मुलगा चौथीत असताना आईबरोबर राज्य बदलतो, त्याच्यासाठी ते दार तीन वर्षांपूर्वीच बंद झालेले असते.

मग शाळेच्या वर्षाचा प्रश्न. विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या अखेरीस उघडतात. मध्य प्रदेशात शाळेचे सत्र एप्रिलमध्येच सुरू होते. गोंदियाची वार्षिक परीक्षा देऊन, सुट्टीत सामान आवरून जूनमध्ये जबलपूरला पोहोचलेले मूल तेथे 'उशिरा आलेले' ठरते. मग समग्र क्रमांकाचा प्रश्न. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक व्यक्तीला नऊ अंकी समग्र क्रमांक असतो. शाळा तो मागते, शिष्यवृत्तीलाही तो लागतो. तो मिळवायचा तर राहण्याचा पुरावा हवा, आणि गढ्याच्या एखाद्या खोलीचा घरमालक भाडेपत्र लिहून द्यायला तयार नसतो. रात्रपाळी करून आलेली आई सकाळी झोपायच्या ऐवजी प्रभाग कार्यालयाच्या रांगेत उभी राहते.

आणि मग भाषेचा प्रश्न. हा प्रश्न अनेकांना प्रश्नच वाटत नाही. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच, शब्दही पुष्कळ सारखे, तेव्हा मराठी मुलाला हिंदी शाळेत काय जड जाणार, असे म्हटले जाते. भाषांतराचे काम रोज करणाऱ्या माणसाला या युक्तिवादातला धोका ठाऊक असतो. ज्या दोन भाषांचे शब्द दिसायला सारखे असतात, त्यांच्यातच फसगत जास्त होते. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. मराठीत 'राग' येतो, हिंदीत 'राग' गातात. मराठी पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदी पुस्तक स्त्रीलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. केरळच्या परिचारिकेचे मूल शाळेत आले की त्याला भाषा येत नाही, हे गुरुजींना दिसते तरी. मराठी मुलाचे अडखळणे त्यांना मठ्ठपणा वाटते. वाचता येते, पण उत्तर चुकते, तेव्हा मूल अभ्यास करीत नाही असा निष्कर्ष निघतो. वर्षभरात ते मूल मागच्या बाकावर जाऊन बसते, आणि खरोखरच 'शिक्षा' या शब्दाचा मराठी अर्थ त्याच्या वाट्याला येतो.

या अडचणीवर उपाय नव्हता असे नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला होता की, प्राथमिक शाळेत एका वर्गात १० किंवा साऱ्या शाळेत मिळून ४० मुले वेगळ्या मातृभाषेची असतील, तर त्या भाषेचा शिक्षक नेमावा. पण हा नियम एका ठिकाणी वस्ती करून राहिलेल्या समाजाला उपयोगी पडतो. परिचारिकांची मुले अशी एका शाळेत ४० भरणार कशी? त्यांच्या आया शहराच्या चार कोपऱ्यांत चार रुग्णालयांत, तीन पाळ्यांत विखुरलेल्या असतात. विखुरलेल्या कामगाराला संख्याबळाचा नियम न्याय देऊ शकत नाही.

आईबापाच्या बदलीचा दंड मुलांना

आठवीतल्या मुलीचा प्रश्न आणखी पुढचा आहे. तिला आईसारखे परिचर्येकडे किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे जायचे असेल तर ती कोणत्या राज्याची? महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही सरकारी नोकरांच्या मुलांना त्यात अपवाद आहेत. खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेच्या मुलीला नाही. दुसरीकडे मध्य प्रदेशचे मूल निवासी प्रमाणपत्र मिळवायचे तर तेथील दीर्घ वास्तव्य सिद्ध करावे लागते. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कुटुंबाला ते सिद्ध करणे किती अवघड, हे सांगायला नको. एका राज्याचा हक्क सुटतो आणि दुसऱ्याचा हाती येत नाही.

परिचारिका दलित किंवा आदिवासी कुटुंबातील असेल, तर घाव दुहेरी बसतो. राज्यघटनेच्या ३४१ आणि ३४२ या कलमांनुसार अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. याचा परिणाम काय होतो, हे मुंबईच्याच एका प्रसिद्ध खटल्यात दिसले. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या गेलेल्या एका समाजातील गृहस्थ सार्वजनिक क्षेत्रातील खत कारखान्याच्या नोकरीनिमित्त मुंबईला आले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो मुंबईतच वाढला, तेथेच शिकला आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागू लागला. २ मे १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, दुसऱ्या राज्यात गेल्यावर मूळ राज्यातील हा दर्जा तेथील सवलतींसाठी बरोबर येत नाही.

याद्या राज्यवार असण्यामागे कारण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. एका राज्यात अस्पृश्यतेचा आणि वंचनेचा भार ज्या समाजाने सोसला, तो दुसऱ्या राज्यात त्याच स्थितीत असेलच असे नाही, आणि स्थानिक दलित-आदिवासींच्या तुटपुंज्या जागांवर बाहेरच्यांनी हात टाकू नये, ही भीती रास्त आहे. पण नागपूरच्या परिचारिकेची जात जबलपूरला पोहोचताना सिवनीच्या नाक्यावर उतरत नाही. खोली शोधताना घरमालक तिचे आडनाव विचारतो तेव्हा जात तिच्याबरोबर आलेली असते. जातीचा अपमान राज्याची सीमा ओलांडून येतो आणि जातीचे संरक्षण मात्र ओलांडू शकत नाही, ही स्थिती न्याय्य म्हणता येणार नाही. स्थानिकांच्या जागांना धक्का न लावता अशा मुलांसाठी मोजक्या वाढीव जागा निर्माण करता येतात. प्रश्न जागांचा कमी आणि इच्छेचा जास्त आहे.

'ती स्वखुशीने जाते'

या सर्वावर एक ठरलेले उत्तर दिले जाते : परिचारिकेला कोणी जबरदस्तीने पाठवलेले नाही, ती स्वखुशीने जाते, तेव्हा परिणामही तिनेच सोसावेत.

ही स्वखुशी काय आहे ते पाहू. आपल्या गावच्या सरकारी रुग्णालयात कायम पदे भरली जात नाहीत आणि अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करायचे, की दुसऱ्या राज्यात जायचे, यांतून केलेली निवड म्हणजे स्वखुशी काय? महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांच्या परिचारिकांना बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात २०२२ मध्ये संपावर जावे लागले. मध्य प्रदेशात जुलै २०२१ मध्ये परिचारिका संपावर गेल्या तेव्हा जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो संप बेकायदा ठरवला. घरी हक्काची नोकरी नाही आणि हक्कासाठी लढण्याची मोकळीक नाही, तेव्हा स्त्री गाडीत बसते.

कायद्याच्या नजरेत ही स्त्री बसतच नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदाराने आणलेल्या कामगारांपुरता होता. त्यात निदान विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रम संहितांनी तो कायदा गिळला. नव्या व्याख्येत स्वतःहून आलेल्या कामगारालाही जागा दिली, हे खरे; पण विस्थापन भत्ता गेला, आणि संहितेच्या पाठात वेतनाची मर्यादा १८,००० रुपयांची आहे. म्हणजे जगदीश प्रसाद समितीने सुचवलेले २०,००० रुपयांचे किमान वेतन ज्या परिचारिकेला मिळेल, ती स्थलांतरित कामगार राहणार नाही. पाळणाघराची तरतूद आहे ती ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, आणि तीही लहानग्यांपुरती. कामगार कायद्याला कामकरी स्त्रीचे मूल दिसते ते पाळण्यात असेपर्यंत. मूल दप्तर घेऊन चालू लागले की कायद्याची दृष्टी जाते.

जगातही हेच चालले आहे. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून परदेशातून येणाऱ्या काळजीसेवकांना मुलेबाळे बरोबर आणण्यास बंदी केली. तेथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला हात हवेत, त्या हातांना धरून चालणारी मुले नकोत. आपल्याकडे अशी बंदी कोणी छापलेली नाही. पण दाखला, समग्र क्रमांक, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र आणि रात्रपाळी यांची बेरीज करून पाहा, उत्तर तेच येते. पुष्कळ परिचारिका शेवटी मुलांना आजीकडे ठेवून एकट्या जातात. दुसऱ्यांच्या मुलांच्या कपाळावर रात्रभर पाण्याच्या घड्या ठेवणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या मुलाचा ताप फोनवरून कळतो.

हा प्रश्न फक्त त्या स्त्रीचा आहे, असे मानणे ही रुग्णांची आत्मघातकी चूक ठरेल. १९४६ मध्ये भोर समितीने देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवून धोक्याची घंटा वाजवली होती. १९८७ मध्ये नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीने ४० तासांचा आठवडा आणि निवासाची सोय यांची शिफारस केली. परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात जाऊन वाचकांनी स्वतः मोजून पाहावे. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूर आणि इतर राज्यांतील ३०० हून अधिक परिचारिका काही दिवसांत आपापल्या गावी निघून गेल्या. ज्या शहराने त्यांना घर दिले नाही, मुळे रुजू दिली नाहीत, त्या शहराला संकटाच्या घडीला त्या सोडून गेल्या. त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी त्या शहराला दोष द्यावा.

मध्य प्रदेश सरकारला तर याचे भान अधिक असायला हवे. तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यतेचा घोटाळा जबलपूरच्याच उच्च न्यायालयात गाजला. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासणीत ६६ महाविद्यालये अपात्र ठरली, आणि मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काही अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. स्वतःच्या मुलींना धड शिकू न देणाऱ्या व्यवस्थेच्या दारी दुसऱ्या राज्यातील शिकलेली परिचारिका येते, आणि त्या व्यवस्थेला तिच्या मुलासाठी शाळेत एक बाक देता येत नाही! स्थानिक मुलींना बुडवणारे आणि बाहेरून आलेल्यांना नाडणारे हितसंबंध एकच आहेत, हे जबलपूरच्या आणि नागपूरच्या परिचारिकांनी ओळखले पाहिजे. बाहेरच्या परिचारिकेला कमी पगारावर राबवता आले की स्थानिक परिचारिकेचा पगारही तेथेच अडतो.

काय मागावे

मागण्या अवघड नाहीत. केंद्र सरकारच्या परिचारिकेला जे मिळते तेच पायाभूत मानून पुढे जावे.

पहिली मागणी, ५० खाटांहून लहान असोत की मोठी, सर्व खासगी रुग्णालयांना जगदीश प्रसाद समितीचे वेतन कायद्याने बंधनकारक करावे, आणि नोंदणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याच्या काळात परिचारिकेला पूर्ण वेतन मिळावे. दुसरी, राज्य बदलून आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या मुलांना, नोकरी सरकारी असो वा खासगी, केंद्रीय विद्यालयांत अग्रक्रम मिळावा. त्यासाठी जागा आणि शाळा वाढवाव्यात, कुणाच्या काढून देऊ नयेत. तिसरी, शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्क्यांच्या जागा स्थलांतरित मुलांसाठी वरच्या वर्गांतही खुल्या कराव्यात आणि समग्र क्रमांकाअभावी कोणाचाही प्रवेश किंवा शिष्यवृत्ती अडू नये. चौथी, १० आणि ४० चा नियम शाळेऐवजी शहराला धरून लावावा. साऱ्या जबलपुरात मिळून मराठीची, मल्याळमची, उडियाची मुले मोजावीत आणि त्यांच्यासाठी पहिले वर्षभर फिरता भाषाशिक्षक नेमावा. पाचवी, आईबापाच्या नोकरीमुळे राज्य बदललेल्या मुलाला दोहोंपैकी एका राज्याचे हक्क निश्चितपणे मिळतील असा केंद्रीय कायदा व्हावा, आणि त्यात दलित-आदिवासी मुलांसाठी वाढीव जागांची तरतूद असावी.

यासाठी संघटनांनाही आपली मागणीपत्रे उघडून पाहावी लागतील. वेतन, महागाई भत्ता, कायम नेमणूक ही कलमे त्यांत असतात आणि ती असलीच पाहिजेत. शाळेचे कलम मात्र क्वचित आढळते. मुलांचा प्रश्न हा घरगुती, बायकांचा प्रश्न आहे, अशी समजूत कामगार चळवळीतही रेंगाळत आहे. ज्या क्षेत्रातील बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत, तेथे ही समजूत चळवळीलाच पंगू करते. रात्रपाळीच्या परिचारिकेला सभेला बोलवायचे तर तिचे मूल त्या वेळी कोठे असेल, याचा विचार संघटनेने आधी केला पाहिजे. जबलपूर, नागपूर आणि गोंदिया येथील परिचारिकांच्या संघटनांनी सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकच मागणीपत्र, मराठीत आणि हिंदीत, तयार करावे. त्याचा मजकूर दोन्ही भाषांत सारखाच असेल, फक्त एक शब्द जपून लिहावा लागेल. हिंदी मसुद्यात 'शिक्षा' हा मुलांचा हक्क म्हणून मागायचा आहे. मराठी अर्थाची शिक्षा त्या मुलांनी पुरेशी भोगली आहे.

१९५६ मध्ये सीमा सरकली तेव्हा नोकराचे नुकसान होऊ नये म्हणून संसदेने कलम लिहिले, कारण जनता जागी होती. परिचारिका सीमा ओलांडते तेव्हाही तसे कलम लिहिता येते. ते लिहवून घेण्याचे काम आता संघटित परिचारिकांचे आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या सर्व कष्टकऱ्यांचे आहे.